बापाच्या सीटवर बेस येत नाही

आमच्या हॉलमध्ये बेस येत नाही अशी एकच जागा आहे आणि बरोबर तिथेच आमचा बाप बसतो.

बाकी सगळीकडे येतो. किचनमध्ये ताटं वाजतात. बाथरूममध्ये बादलीतलं पाणी थरथरतं. खाली सहाशे दोनमध्ये यमुनाबाई राहतात, त्यांच्या छताला तर असा येतो की त्यांनी एकदा वर येऊन विचारलं, "कांडप सुरू केलंय का तुम्ही? मिरच्या आणून देऊ?" पण सोफ्याच्या मधल्या सीटवर शून्य. पप्पांनी दिवाळीत साउंडबार आणला, सोबत एक सबवूफर होता. सबवूफर म्हणजे फक्त धमधम काढणारा डबा. पहिल्याच संध्याकाळी पप्पांनी निकाल दिला की दुकानदाराने आतलं मशीन काढून घेतलं आणि नुसता खोका विकला.

मी म्हटलं, "पप्पा, दोन फूट पुढे बसा, येईल."

"का बसू? घर माझं हाय."

तेही खरं. धायरीत आमचा टॉवर जिथे उभा आहे ते आमचंच शेत होतं. त्या मधल्या सीटवरून सी आणि डी विंगच्या फटीतून आमच्या विहिरीची जागा दिसते. आता तिथे जिम आहे. पप्पा रोज संध्याकाळी चहा पीत ट्रेडमिलवर पळणाऱ्या लोकांकडे बघत बसतात. म्हणतात, एवढं पळतात पण पाण्याचा थेंब काढत नाहीत. अशी सीट माणूस सोडत नाही.

आता यात भूत वगैरे काही नाही. समोरच्या भिंतीकडून आवाजाची लाट येते, मागच्या भिंतीवर आपटून परत फिरते, आणि दोघी बरोबर मध्ये, बापाच्या डोक्यापाशी भेटतात. भेटल्या की भावकीसारखं करतात. मला नाही तर तुलाही नाही. दोघींचं मिळून शून्य. हे मी पप्पांना समजावून सांगितलं. सांगायला नको होतं.

"तुला लय कळतं," पप्पा म्हणाले. "शाळा सोडून हेच शिकलास व्हय?"

मी दहावीच्या मध्यात शाळा सोडली. का सोडली ते विचारू नका, आमच्या घरात प्रत्येकाकडे त्याचं वेगळं कारण तयार आहे. पण पप्पा तसं म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मी तुमच्या सीटवर बेस आणून दाखवतो. सामान मी निवडणार, मी लावणार, कुणी मध्ये बोलायचं नाही.

पप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "बरं. पुढल्या म्हयन्यात रविवारी भावकी येनार हाय जेवायला. त्यांच्यासमोर वाजव. वाजलं तर खालचा चार नंबरचा गाळा तुझा, टाक आवाजाचं दुकान. नाय वाजलं तर सोमवारी जाऊन सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आन् बाहेरून दहावीला बसायचं. त्यावर एक शब्द नाय बोलायचा."

गाळा नंबर चार. रस्त्याकडचा, शटरवाला. मला त्याचा बोर्डसुद्धा दिसत होता.

कुणी मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण बिल्डिंग बोलायला लागली.

पहिला आला चुलतभाऊ विश्वजीत. तो गणपतीत डीजे लावतो. त्याच्या मते जगात असा कुठलाच प्रश्न नाही जो अठरा इंची बेसने सुटत नाही. "दोन बेस टाकतो हॉलमध्ये, भिंतीएवढे. काकांच्या छातीत नाही वाजलं तर नाव बदल."

"दादा, हॉल बारा बाय सोळाचा आहे."

"मग तर अजून वाजंल."

दुसरा शेजारचा शुभंकर. हा अमरावतीचा, आयटीत आहे. त्याने लॅपटॉपवर आमच्या हॉलचा नकाशा काढला, लाल-निळे डाग दाखवले आणि म्हणाला, "हे पाय बे पियुष, चार सब लागतात. चारी भिंतींच्या बरोबर मधात." एका भिंतीच्या मध्ये दार आहे आणि एकीच्या मध्ये फ्रिज, हे सांगितल्यावर तो म्हणाला की थिअरी करेक्ट आहे, तुमचं घर चुकलं आहे. पण माणूस कामाचा. शेवटी आमचं दोनवर ठरलं. एक टीव्हीच्या खाली, एक मागच्या भिंतीला, आणि असा ॲम्प्लिफायर जो छोट्या माइकने खोली मोजतो आणि खोली जिथे खोटं बोलते तिथे तेवढं कापून टाकतो. त्याला रूम करेक्शन म्हणतात. दोन सबवूफर कशाला, ते पप्पांना फक्त मलाच समजावता आलं असतं अशी माझी समजूत होती. त्यांनी स्वतःच समजून घेतलं. "विहिरीवर आपण दोन मोटारी ठेवायचो. एक जळाली का दुसरी." मी गप्प बसलो. होकार आला होता.

सामान घ्यायला शनिवार पेठेत गेलो. पप्पा खाली गाडीत बसले, मी एकटा वर. दुकान म्हणजे एक जिना, एक बेल आणि आत एक चष्मेवाले काका. मी म्हटलं, सबवूफरची जोडी ऐकायची आहे.

"घ्यायची आहे का ऐकायची आहे?"

"ऐकून घेणार."

"ऐकून सगळे जातात. घेऊन गेलेले परत ऐकायला येत नाहीत." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून, "घरात मोठं कोणी?"

मी मॉडेल सांगितलं, कॉइल सांगितली, बंद डबा पाहिजे की भोकाचा ते सांगितलं, आणि का ते सांगितलं. काकांनी चष्मा वर केला, एक मिनिट माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन नेमकं तेच आणलं. एवढंच. कौतुक वगैरे नाही. पण ते एक मिनिट मी अजून विसरलेलो नाही, कारण त्या महिन्यात माझा सन्मान झाला तो तेवढाच.

सामान घरी आलं त्या दिवशी, त्याला कुणी हात लावू नये म्हणून मी कुलूप आणायला बाहेर गेलो. अर्धा तास. परत येतो तर आईने सगळ्याची पूजा केलेली. नवीन वस्तू घरात आली की हळदकुंकू लागतंच, ट्रॅक्टरला लागलं होतं, फ्रिजला लागलं होतं. दोन्ही डब्यांवर स्वस्तिक, ॲम्प्लिफायरवर फूल, ते मी समजू शकतो. पण खोक्याच्या तळाशी तो अंगठ्याएवढा मोजायचा माइक होता. त्याला टोकाला एक बारीक भोक असतं, तिथून तो ऐकतो. आईने बरोबर तिथे ओलं कुंकू लावलं होतं. वर दोन तांदळाचे दाणे.

"अगं आई, ह्याचा कान आहे तो."

"मग काय झालं, टिळा कानाला पण लावतात."

मी पिनने कुंकू काढायला गेलो आणि ते अजून आत गेलं. माइकला आता फक्त स्वतःचंच काहीतरी ऐकू यायला लागलं, खर्र असं. परत शनिवार पेठ. काकांनी माइक उजेडात धरला, हुंगला, आणि म्हणाले, "कुंकू वॉरंटीत बसत नाही." मग जरा विचार करून, "अक्षता तर नाहीच नाही."

शेवटी शुभंकरने स्वतःचा माइक दिला. तो आणल्यापासून परत देईपर्यंत, मोजणी सोडली तर, मी खिशातून काढला नाही.

आता डबे ठेवायचे कुठे. याची एक जुनी रीत आहे. डबा उचलून ऐकणाऱ्याच्या सीटवर ठेवायचा, वाजवायचा, आणि आपण गुडघ्यांवर खोलीभर रांगत फिरायचं. जिथे बेस गोल आणि भरलेला वाटेल तिथे डब्याची जागा. म्हणजे सबवूफर सोफ्यावर बापाच्या जागी बसलेला आणि मी खाली चार पायांवर, कान जमिनीशी, टीपॉयच्या भोवती. दार उघडं होतं. कोण येणार? यमुनाबाई. सदाशिव पेठेत तीस वर्षं शाळेत शिकवलं, फ्लॅट धायरीत घेतला, पण स्वतः अजून तिकडेच राहतात. दारात उभ्या राहून त्यांनी आधी सोफ्यावरच्या डब्याला बघितलं, मग मला.

"शाळा सोडलीस तेव्हा वाटलं होतं, निदान उभा राहशील."

"बाई, हे टेक्निकल आहे."

"असेल. मला खाली गचके बसतायत, ते काही टेक्निकल नाहीत. माझ्या कपाटातले कप स्वतःहून बाहेर यायला बघतायत."

मी म्हटलं, महिनाभर थांबा, एकदा मोजणी झाली की तुम्हाला काही ऐकू येणार नाही. त्या म्हणाल्या, "महिनाभराने मला तसंही काही ऐकू येणार नाही." आणि गेल्या.

मोजणीला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे शांतता. माइक सोफ्याभोवती आठ जागी ठेवायचा, प्रत्येक वेळी स्पीकर हूऊऊप करून खालून वर आवाज काढतात, आणि त्या वेळात दुसरा आवाज नको. चाळीस मिनिटं. धायरीत चाळीस मिनिटं. कुकर, मिक्सर, खाली लाऊडस्पीकर लावलेला भंगारवाला, वर टाइल्स कापणारा. मी तीन दिवस प्रयत्न केला. तिन्ही वेळा मशीनने लिहून दाखवलं की आवाज जास्त आहे. मला माहीत आहे, म्हटलं. मी इथेच राहतो.

मग मी सोसायटीच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी नागोराव काका, नांदेडकडचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. म्हटलं, काका, रविवारी चार ते चार चाळीस ए विंगमध्ये शांतता पाहिजे.

त्यांनी फाइल काढली. "अर्ज हाय ना आपल्याकडं. पण तो आवाजाचा हाय. लग्न, मुंज, वाढदिवस. शांततेचा नाही."

"मग साधं पत्र देतो."

"साधं कसं चालंल. उद्या कुणी बी येऊन शांतता मागंल." बराच वेळ विचार केला आणि आवाजाच्याच अर्जावर काट मारायला सांगितली. 'ध्वनिक्षेपक लावण्यास' खोडून 'न लावण्यास'. 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यात काय लिहू विचारलं तर म्हणाले, "घरगुती लिही." पालकाची सही. शेजारच्या दोन फ्लॅटची ना हरकत. शांततेला हरकत नाही असं लिहून द्यायला माणसं दहा मिनिटं विचार करतात, हे मला तेव्हा कळलं.

रविवार उजाडला. संध्याकाळी सहाला भावकी येणार होती. साडेतीनला नागोराव काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस टाकली. 'ए विंग, सातशे दोन, श्री. रंगराव यांच्याकडे घरगुती कारणास्तव दुपारी चार ते चार चाळीस सर्वांनी शांतता पाळावी.' खाली हात जोडलेले. ते प्रत्येक मेसेजखाली हात जोडतात, पाणी येणार नाही त्यालाही.

आमच्या घरात चौऱ्याऐंशी वर्षांचे आबा आहेत. पप्पांचे वडील, गेनबा. अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहेत. तर चारला पाच मिनिटं असताना ग्रुपवर पहिली भावपूर्ण श्रद्धांजली आली. मी माइक लावत होतो, मी फोन बघितला नाही.

पहिलं हूप झालं आणि बेल वाजली. आबाच जवळ होते, त्यांनी दार उघडलं. बाहेर बी विंगमधली सात-आठ माणसं, पांढरे शर्ट, एकाच्या हातात हार. आबांना बघून हारवाला दोन पावलं मागे सरकला.

आबा म्हणाले, "या. कोन गेलं?"

"असंच, भेटायला," म्हणून सगळे चपला काढून आत आले आणि जमिनीवर बसले. मागून अजून आले. सोफ्याची मधली सीट रिकामी, समोर स्टँडवर माइक, खोलीत सन्नाटा, आणि मध्येच स्पीकरमधून हूऊऊप. ते ऐकून एका काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी खुणेने सांगत होतो, गप्प, गप्प. त्यांना वाटलं पोराला सहन होत नाहीये. एकांनी तर मला जवळ घेतलं. पाचव्या जागेची मोजणी मी कुणाच्या तरी काखेतून केली.

पण एक सांगतो. असली शांतता धायरीत कधी झाली नसेल. कुकरसुद्धा कुणी लावला नव्हता. आठच्या आठ मोजण्या पहिल्या फटक्यात पास. लोकांना नंतर कळलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं. म्हणजे आबा जिवंत आहेत याचं नाही, हार आणला होता त्याचं. तो त्यांनी जाताना सबवूफरवर ठेवला.

मी दार लावलं आणि पप्पांच्या सीटवर बसून पखवाजाचं एक रेकॉर्डिंग लावलं.

कसं सांगू. मध्ये काहीच नव्हतं. डबा नाही, भिंत नाही. थाप पडली आणि थांबली. नेमकी जिथे थांबायला पाहिजे तिथे थांबली, मागे घुमत राहिली नाही. बेस बापाच्या सीटवर होता. माझ्या हाताने आणलेला. मी गाळ्याला मनात रंग पण दिला, आतून करडा.

सहाला भावकी आली. चार चुलते, त्यांची माणसं, विश्वजीत. पप्पा मधल्या सीटवर बसले. "लाव," म्हणाले. मी लावलं.

पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मला वाटलं, ऐकतायत. आबा कोपऱ्यात खुर्चीवर होते. ते एकेकाळी गावच्या देवळात भजनाला पखवाज धरायचे. ते मान हलवत म्हणाले, "कणीक ताजी लावलेली हाय." पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, ती त्यांना ऐकू आली होती.

थोरले चुलते म्हणाले, "आबांना ऐकायला कमी येतं." मग पप्पांकडे वळून, "रंगा, दोन डबे आणलेस ना रं? मग एक तरी चालू कर की."

सगळे हसले. पप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पप्पा, हाच बेस आहे. आधी होता तो खोलीचा गोंगाट होता. तुम्ही नीट ऐका ना, तुमच्या सीटवर येतोय." त्यांचा पाय ठेका धरत होता. मी बघितला. त्यांनी पण बघितला आणि पाय थांबवला.

विश्वजीत उठला. "थांब, बाजूला हो." रिमोटवर एक बटण असतं, दाबलं की करेक्शन बंद. ते त्याने दाबलं. मग दोन्ही डब्यांची बटणं शेवटपर्यंत फिरवली. ताटं वाजायला लागली. सबवूफरवरचा हार सरकत सरकत खाली पडला. बेस किचनमध्ये, बाथरूममध्ये, लिफ्टमध्ये, चुलत्यांच्या पोटात, सगळीकडे. मधल्या सीटवर किती होता ते मला माहीत आहे आणि पप्पांना माहीत आहे.

"हां," थोरले म्हणाले. "आता वाजलं."

पप्पा एवढंच म्हणाले, "वाजलं." आणि जेवणं व्हायच्या आत चार नंबरच्या गाळ्याची किल्ली भावकीसमोर विश्वजीतकडे गेली. म्हणे वाजवलं त्याने, आणि पोरगं घरचंच आहे.

तेवढ्यात बेल. यमुनाबाई. मी मनात म्हटलं, ह्याच राहिल्या होत्या. त्या आत आल्या, आवाज बंद होईपर्यंत थांबल्या, आणि पप्पांना म्हणाल्या, "रंगराव, मघाशी सहानंतर काहीतरी लावलं होतंत. पखवाज होता. खिडकीतून ऐकू आला, पण छत हललं नाही. मी खुर्ची खिडकीशी ओढून बसले होते. ते कोणी लावलं होतं?"

खोलीत शांतता. अर्ज न करता मिळालेली पहिलीच.

पप्पांनी भावकीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. "ते पोराचं जरा बिघडलं होतं, बाई. आता दुरुस्त केलंय."

"असं होय," बाई म्हणाल्या. माझ्याकडे एकदा बघितलं. "मग बिघडलेलंच बरं होतं." आणि गेल्या.

सोमवारी मी सतरा नंबरचा फॉर्म घेऊन शाळेच्या खिडकीपुढे लायनीत उभा होतो. शाळा सोडल्याचा दाखला, दोन फोटो, आधार. माझ्यापुढे दोन जण. फोन वाजला. पप्पा.

मागून धमधम ऐकू येत होतं. ते हळू बोलत होते, दुसऱ्या खोलीतून बोलतात तसे.

"पियुष, ती खालची बाई पोलिसात जाते म्हनतीया. आन् मला तर हितं काय ऐकूच येत नाय, नुसती ताटं वाजतात. जरा ये आन् ते परत बिघडवून दे."

"गाळ्यात विचारा," मी म्हटलं. "चार नंबर."

"त्याला नाय जमत रे."

"हे थोरल्या काकांसमोर म्हणाल?"

फोन चालू होता. मला पप्पांचा श्वास ऐकू येत होता, मागे ताटं ऐकू येत होती. खिडकीतल्या बाईंनी हात बाहेर काढला आणि म्हणाल्या, "पुढचा." मी फोन खांद्याशी धरून काचेखालून दाखला आत सरकवला.